जिप्सीला रोल केज घालायचाय: नळाचा बी क्लास पाइप चालेल का?

लाल_चिखल, साखळी

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसतं वाचतोय, विचारतोय आज पहिल्यांदा. सांभाळून घ्या.

माझी २००६ची जिप्सी आहे, सॉफ्ट टॉप. बेळगावच्या एका गृहस्थांकडून घेतली आणि चोर्ला घाट उतरून घरी आणली. आईने ओवाळली. आजोबांनी मात्र व्हरांड्यातूनच विचारलं, "हे गाडयेचें पाखें खंय रे?" (पाखें म्हणजे छप्पर.) तेव्हा सगळे हसलो.

गेल्या पावसात चौघे मित्र उसगावच्या बाजूला एका ओळखीच्या बागायतीत चिखलात गाडी घालायला गेलो. एका उतारावर डावं पुढचं चाक बांधावर चढलं आणि गाडी इतकी कलली की शेजारचा मित्र माझ्या मांडीवर आला. उलटली नाही, परत चाकांवर बसली. पण त्या दोन-तीन सेकंदांत आजोबांचा प्रश्न आठवला. डोक्यावर ताडपत्रीशिवाय काहीच नव्हतं.

म्हणून आता केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा, घालायचा ठरवलाय. आमच्या इथे एक ग्रिलवाला आहे, हाताला चांगला, देवळापुढचा मंडप त्यानेच उभा केला. त्याचं म्हणणं असं: दीड इंची बी क्लास (मध्यम जाडीचा) जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप घ्यायचा, कोपऱ्यांना तयार बेंड जोडायचे, सहा पाय, प्रत्येक पायाखाली पट्टी टाकून ती गाडीच्या फ्लोअरला वेल्ड करायची. वेल्डिंग घासून, लांबी (पुटी) भरून, काळा रंग मारून बत्तीस हजार. चार दिवसांत गाडी हातात. एक मित्र म्हणतो नळाचा पाइप नको, सीमलेसच (बिनशिवणीचा) घे, पण त्याने खर्च पन्नास हजारांच्या वर जातो.

२०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली गाड्यांची स्पर्धा पहिल्यांदा गोव्यात आली तेव्हा मी बारावीत होतो, भर पावसात छत्री धरून बघायला उभा होतो. पुढच्या जुलैपर्यंत निदान नवख्यांच्या एखाद्या स्पर्धेत उतरावं असं मनात आहे. बाकी दिवस हीच गाडी रोज साखळी ते पणजी कामाला जाते, मागच्या बाकड्यांवर कधीमधी भाचरं असतात.

तर पाइप कुठला? वेल्ड करू की बोल्ट? आणि केज फ्लोअरवर उभा करायचा की चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. यूट्यूब बघून डोकं फिरलंय.


आडवाटेचा_बाबू, डिचोली

पणजीला केज घालून रोज? अटल सेतूवर पलटी मारायचा बेत आहे की काय? :) त्यापेक्षा जिप्सी विक आणि २०२०नंतरची थार घे. तिला केज कंपनीनेच दिलाय, वर ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत ४ तारे.


लाल_चिखल, साखळी

थारचे पैसे तुम्ही देता का दादा?


कुर्टीचा_काका, फोंडा

लाल_चिखल, पाइप कुठला हे आपण मागाहून बघू. आधी सांग, तुझ्या गाडीची मॅट उचलून खालचा पत्रा शेवटचा कधी बघितलास?

का विचारतो ते सांगतो. मी १९९१ ते २०१२ एका खाणीच्या गॅरेजात वेल्डर होतो. डंपरचे हौदे, शॉवेलच्या बकेटी, चेसिसचे तडे, हाच धंदा. २०१२त खाणी बंद पडल्या, सगळ्यांबरोबर मीही घरी बसलो, मग कुर्टीला शेड घातली. जीप आणि जिप्सी मिळून आजवर चौदा केज केलेत. पहिला माझ्या स्वतःच्या एमएम ५४० जीपचा. तो चुकला.

पाइप मी उत्तम आणलेला. एकवीस वर्षांची वेल्डिंग हातात होती, जोड असे की बघत राहावं. २०१५च्या ऑगस्टात एका डोंगरवाटेवर कडेची माती सुटली आणि गाडी उजव्या अंगावर गेली. वेग काहीच नव्हता, म्हैस चिखलात लोळते तशी सावकाश लोळली आणि चाकं आभाळाकडे. बाहेर येऊन बघतो तर पाइपाला ओरखडा नाही, एक जोड हललेला नाही, पण अख्खा केज तीन इंच खाली बसलेला. माझ्यामागचा पाय फ्लोअरचा पत्रा फाडून आरपार गेला होता. मॅटखाली पत्र्याचा पापड झालेला आणि मी त्याच पापडावर चार बाय चार इंचांची पट्टी वेल्ड करून वर काळा रंग मारला होता. उजवा हात कोपरात मोडला. अजून मृगाचा पाऊस लागला की तो मला आधी कळतो.

कुळागरात पावसाळ्यात शिडी लावतोस तेव्हा पायांखाली फळी घालतोस ना? न घालता चढलास तर शिडी मोडत नाही, रुतते. केजचं तेच. गाडी उलटली की सगळा भार त्या पाच-सहा पायांतून खाली येतो आणि खाली असतो जेमतेम मिलीमीटरभर जाडीचा पत्रा. म्हणून एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमात पायाखालच्या पट्टीचं मापच दिलंय: निदान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर. ते कमीत कमी. मी ५ मिमीची पट्टी घालतो, १५ बाय १२ सेंटिमीटरची, आणि नुसती सपाट घालत नाही, एल आकारात वाकवून बाजूच्या भिंतीवर चढवतो. फ्लोअर दाबला जातो, पण उभी भिंत सहजी दबत नाही. पत्र्याच्या वर एक पट्टी, खाली एक, मधून बोल्ट. नियमात पायाला तीन एम ८ (८ मिमीचे) बोल्ट आहेत, मी चार एम १० घालतो, आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ ही ताकदीची खूण कोरलेली असल्याशिवाय हात लावत नाही. हार्डवेअरवाल्याने वजनावर दिलेले बोल्ट कुंपणाला ठेव.

आता फ्लोअर की चेसिस. जिप्सीची बॉडी चेसिसवर रबरी गुटक्यांवर बसते. खडबडीत वाटेवर चेसिस पिळते, बॉडी आपल्या परीने हलते, आणि म्हणूनच गाडी टिकते. तू केजचे पाय फ्लोअरलाही घट्ट केलेस आणि चेसिसलाही वेल्ड केलेस तर ते गुटके मेले. दोन पावसाळ्यांत फ्लोअर पायाभोवती गोल फाटतो. मी असल्या तीन गाड्या दुरुस्त केल्यात. माझी पद्धत अशी की केज बॉडीवरच उभा करायचा, पण ज्या पायावर जास्त भार त्याच्या बरोबर खाली चेसिसपासून एक भक्कम ब्रॅकेट बाहेर काढायचा आणि मध्ये पॉलियुरेथेनचा बुश (रबरासारखा गुटका) घालायचा. रोजच्या चालण्यात बॉडीला हवं तेवढं हलता येतं, उलटली तर भार चेसिसवर जातो.

तुझ्या ग्रिलवाल्याच्या बाबतीत. हात चांगला असेल, मी नाव ठेवत नाही. पण मंडप उभा असतो आणि उभाच राहतो, त्याला कुणी आडवा पाडत नाही. तयार बेंड लावायचा म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर दोन जोड, आणि मार तर नेमका कोपऱ्यावर बसतो. मागची मुख्य कमान एका अखंड पाइपाची पाहिजे, जोड नको. वाकवायला प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर नको, तो पाइप चपटा करतो. सायलेन्सर वाकवणाऱ्याचाही नको. बाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या निदान तिप्पट, म्हणजे ४५ मिमीच्या पाइपाला १३५ मिमी. वाकवून झाल्यावर बाकावर व्हर्नियर लाव. लहान माप मोठ्या मापाच्या नव्वद टक्क्यांखाली गेलं तर तो पाइप फुलझाडांच्या मांडवाला वापर.

कमानीत एक तिरका पाइप हवाच, सरळ, न वाकवलेला. नुसती चौकट बाजूने दाबली की जुन्या खाटेसारखी कलते. मंडपाला तिरकी कैची मारतात ती कशाला, हे तुझ्या ग्रिलवाल्याला न सांगता कळेल. मागचे दोन टेकू उभ्या रेषेपासून निदान ३० अंश मागे जायला हवेत, नाहीतर ते टेकू नव्हेत, शोभा. आणि जिप्सीची पुढची काच ज्या चौकटीत असते ती बॉनेटवर आडवी पडणारी चौकट आहे. तिच्यावर विसंबू नको. पुढे काचेच्या आतून दोन पाय खाली डॅशबोर्डजवळ उतरलेच पाहिजेत. नुसती मागची कमान घालून निर्धास्त होणारे पुष्कळ, पण उतारावर गाडी नाकावरून उलटते तेव्हा ती कमान फार उपयोगाची नाही.

जीआय पाइपावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर येतो. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गॅरेजात आम्हाला दूध प्यायला सांगायचे. त्याने काही होत नाही, दूध तेवढं पोटात जातं. जस्त जोडात शिरलं तर जोडही कच्चा. आणि वेल्डिंग घासून गुळगुळीत करणार असं म्हणाला ना? तिथेच त्याला थांबव. घासलेला जोड म्हणजे अर्धा जोड, त्यात वरून लांबी, म्हणजे आत काय आहे ते देवालाच ठाऊक. पाइपाचं तोंड दुसऱ्या पाइपावर माशाच्या जबड्यासारखं बसेल असं कापायचं, फट मिलीमीटरभर, आणि जोड सगळीकडून गोल फिरवायचा. "वरच्या बाजूने हात पोचत नाही" हे कारण सॉफ्ट टॉपला चालत नाही. ताडपत्री काढ, आकाश मोकळं.

वेल्डिंगच्या रॉडचं एक सांगतो आणि थांबतो. माझा चुलतभाऊ बार्जच्या यार्डात होता. तिथे ७०१८ जातीच्या रॉडचा पुडा फोडला की रॉड भट्टीत जातात, आणि वेल्डर लागतील तेवढेच गरम डब्यातून घेऊन जातो. आपल्याकडे जुलैत मीठसुद्धा पाणी सोडतं. शेडच्या कोपऱ्यात उघडा पडलेला ७०१८ ओल पितो आणि तीच ओल जोडाला आतून तडा देते. तुझा माणूस रॉड कुठे ठेवतो ते एकदा बघून ये. मिग (गॅसच्या आवरणातलं तारेचं वेल्डिंग) असेल तर उत्तम, पण गॅसवर वारा लागू देऊ नये, म्हणजे भर पावसाळी वाऱ्यात उघड्या शेडमध्ये ते काम नको. वेल्डिंगआधी बॅटरी काढायची, जिप्सीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढून ठेवायचा, पेट्रोलची टाकी उतरवायची. यातलं एक जरी "कशाला" म्हणून सोडलं तर मला फोटो पाठवू नको.


नटबोल्ट_ताई, वेर्णा

काकांचं पायांबद्दलचं सगळं सोळा आणे खरं. पाइपाबद्दल मात्र थोडं भांडते.

मी इंजिनिअरिंगला असताना बाहाच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफरोड गाड्यांच्या स्पर्धेच्या) गाडीच्या सांगाड्यावर काम केलंय, तेव्हापासून पाइपांचे आकडे डोक्यात बसलेत. नळाचा दीड इंची बी क्लास बाहेरून ४८.३ मिमी आणि ३.२ मिमी जाड असतो. एफआयएचा मुख्य कमानीचा पाइप ४५ बाय २.५. नुसत्या मापावर गणित केलं तर वाकायला विरोध बी क्लासचाच जवळजवळ दीडपट निघतो. म्हणजे "नळाचा पाइप काडीसारखा मोडतो" असं जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही.

मग तो का नको? एक म्हणजे वजन. बी क्लास मीटरला ३.५६ किलो, ४५ बाय २.५चा २.६२, आणि बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५ घेतल्या तर त्या २.१९. वीस मीटरचा केज धरला तर बी क्लासचा ७१ किलोच्या आसपास, दुसरा ४८. तेवीस किलोंचा फरक, म्हणजे जवळजवळ तांदळाची एक गोण, आणि ती टनभराच्या गाडीत डोक्याच्या उंचीवर बांधलेली. जी गाडी आधीच कलते तिला आणखी कलायला मदत. दुसरं, पोलादाची हमी. एफआयएला गार ओढलेला सीमलेस पाइप लागतो, ताणबळ निदान ३५० मेगापास्कल. नळाच्या पाइपाला आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे ३२० पुरतं, कारण तो पाणी वाहायला केलाय. त्याला उभी शिवण असते, आणि वाकवताना ती शिवण बाहेरच्या बाजूला आली तर उसवू शकते. तिसरं, स्पर्धेचा तपासनीस. तो गणित ऐकून घेणार नाही, नियमावलीतलं माप बघेल. म्हणून लाल_चिखल, पाइप घ्यायच्या आधी ज्या स्पर्धेत उतरायचंय तिची नियमावली मागवा, सगळ्यांची सारखी नसते. मग बेळगावला उद्यमबागेत चौकशी करा, हायड्रॉलिकच्या कामामुळे तिथे सीमलेस मिळायला अडचण येऊ नये. घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागा. "अरे, पक्का सीमलेस आहे" हे सर्टिफिकेट नव्हे.

पण मला खरी भीती वाटली ती तुमच्या एका साध्या वाक्याची: रोज साखळी ते पणजी, मागे भाचरं.

केज हेल्मेट घातलेल्या, सीटला घट्ट बांधलेल्या माणसासाठी असतो. तुम्ही पणजीला हेल्मेट घालून जाणार नाही. साध्या तीन टोकांच्या पट्ट्यात, साध्या टकरीत, डोकं बाजूला आणि पुढे किती जातं ते एकदा मोकळ्या जागेत सीटवर बसून हाताने मोजून बघा. तिथे लोखंडी नळी असली तर जिच्यासाठी ती घातली त्याच डोक्याला ती लागणार. आणि त्यावर एसीच्या पाइपाचं काळं फोम गुंडाळून भागत नाही. ते बोटाने दाबलं तरी नळी लागते, डोक्याने तर लागणारच. केजसाठी वेगळं कडक पॅडिंग येतं, एफआयए ८८५७-२००१ किंवा एसएफआय ४५.१ लिहिलेलं. हाताला जवळजवळ लाकडासारखं लागतं, लोक नाक मुरडतात, पण धक्का तेच खातं. हेल्मेट घालून बसल्यावर डोकं आणि नळी यांच्यात चार बोटं तरी हवीत.

मागची बाकडी काढा. मागच्या टेकूंच्या मध्ये मुलं बसवायची नाहीत, हा विषय मी वादाला ठेवत नाही.

माझं मत विचाराल तर पूर्ण बोल्टचा केज करा. सॉफ्ट टॉपमधून ४८ किलोंचा सांगाडा चौघे जण उचलून बाहेर ठेवू शकतात. ७१चा उचलताना कुणीतरी कंबर धरेल. स्पर्धेच्या हंगामात घाला, एरवी शेडमध्ये टांगा.


कुर्टीचा_काका, फोंडा

ताई, गणित मान्य. मी काडी म्हटलं नव्हतं, पण मनात होतं ते खरं.

एक भर घालतो. काळा रंग मारू नको. पांढरा किंवा फिकट करडा मार. जोडाला तडा गेला की त्यातून गंजाची तांबूस रेघ बाहेर येते, ती फिकट रंगावर लगेच दिसते, काळ्यावर दिसत नाही. आपल्याकडे पाऊस आणि खारी हवा आहे तर तिचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. आणि पट्टीच्या कडा सीलंटने बंद कर, नाहीतर लाल चिखलाचं पाणी पट्टीखाली जाऊन बसतं आणि तुझा नवा फ्लोअरही तीन वर्षांत पापड.


कागदपत्र_म्हापसा

विम्याच्या सर्वेक्षणाचं काम करतो, म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील मूळ बनावटीहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. केजसाठी रस्त्यावर रोज कुणी अडवतं असं नाही, पण अपघात झाला, समोरच्याला लागलं, की मग कागद बघितले जातात आणि विमा कंपनीला न कळवलेला केज तुमच्या विरुद्ध जातो. काढता येणारा केज आणि स्पर्धेला गाडी टेम्पोवर चढवून नेणं, हा ताईंचा मार्ग त्या दृष्टीनेही बरा. काहीही करण्याआधी आरटीओत लेखी विचारा, उत्तर लेखीच घ्या.

आणि सराव म्हणून म्हादई अभयारण्यात ओहोळात गाडी घालू नका. साखळीहून जवळ पडतं म्हणून सांगतो. ते १९९९पासून अभयारण्य आहे, तिथे पकडले गेलात तर केजचा विषय निघणारसुद्धा नाही.


लाल_चिखल, साखळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, काकांचा पहिला प्रश्न डोक्यातून जात नव्हता. सकाळी सीट सोडल्या, मॅट काढली. मॅटखाली मागच्या मालकाने डांबरासारखं काहीतरी फासलेलं. त्यात स्क्रूड्रायव्हर टोचला. ड्रायव्हर सीटच्या मागे, नेमका जिथे मुख्य कमानीचा पाय येणार तिथे, तो मुठीपर्यंत आत गेला. वाकून बघितलं तर अंगणातले चिरे दिसले. आजोबा शेजारी उभे होते, म्हणाले, "पाखें ना म्हणपाचें, हाका तळूय ना!"

डाव्या बाजूला थोडा बरा आहे, पण टोचल्यावर तिथेही पापुद्रे सुटले. बॉडीचे मागचे दोन रबरी गुटके चपटे होऊन पत्रा चेसिसला टेकलाय, म्हणजे गेले दोन महिने येणारा तो ठक-ठक आवाज सस्पेन्शनचा नव्हता.

ग्रिलवाल्याकडे जाऊन आलो. त्याला सगळं वाचून दाखवलं. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने कमानीच्या तिरक्या पाइपाचं ऐकून मान हलवली आणि म्हणाला, "हें म्हाका कोणें सांगूंकच ना." मग स्वतःच म्हणाला की अखंड पाइप वाकवायचं यंत्र त्याच्याकडे नाही. रॉडचा पुडा विचारला, तो पत्र्याच्या कपाटावर उघडा होता.

आता काका, तुम्हालाच विचारतो. आधी फ्लोअर बदलायचा, मग केज. फ्लोअरचा पत्रा किती जाडीचा घालू? आणि तुम्ही कराल का काम? येत्या जुलैचं मी सोडून दिलंय. यंदाही छत्रीच.

ताई, बाकडी काढली. भाचरं रडली.


कुर्टीचा_काका, फोंडा

करीन, पण चतुर्थी झाल्यावर. आता भर पावसात फ्लोअर उघडला तर नवा पत्रा जोडायच्या आधीच गंजेल. तोवर गुटके बदलून घे, ते कुणीही मेकॅनिक करेल, आणि जिथे स्क्रूड्रायव्हर गेला तिथे तात्पुरतं काही चिकटवू नको, उघडं ठेव, वाळू दे. पत्रा मी बघून सांगतो. मूळ जाडीच्या फार पुढे जायचं नाही, जाड पत्रा बारीक पत्र्याला वेल्ड केला की शेजारचा बारीक जळतो.

पाइप मात्र आताच आणून ठेवलास तर चालेल. सीमलेस, ४५ बाय २.५ आणि ३८ बाय २.५, सर्टिफिकेटसकट. दोन्ही तोंडं प्लास्टिकने बांधून घरात ठेव, गोठ्यात नको. पाइप निवडताना व्हर्नियर घेऊन जा आणि दोन्ही टोकांना जाडी मोज.

येताना सीट आणि मॅट घरीच ठेव, टाकीत पेट्रोल चार-पाच लिटरच असू दे. आणि हेल्मेट आण, ज्या हेल्मेटने स्पर्धेत बसणार तेच. कमानीची उंची तुला ते घालून बसवूनच ठरवणार.